एकोणीस जणांचा मजकूर, एक आरोपी

ती घटना आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत. ऑक्टोबरात कापसावर फवारणी सुरू होते, रस्त्याने जाताना तो उग्र वास नाकात शिरतो आणि मी पुन्हा त्या ठाण्यातल्या टेबलामागे जाऊन बसतो. समोर नाना उभे असतात. शेजारी खुर्ची रिकामी असते. मी त्यांना बसा म्हटलेलं नव्हतं.

माझ्या बरोबरीचे अधिकारी दरोडे उघडकीस आणल्याच्या आठवणी लिहितात. मीही दोन-चार लिहिल्या आणि शाबासकी घेतली. ह्या गुन्ह्याबद्दल मात्र कधी लिहिलं नाही. ह्यातला खरा गुन्हेगार कोण हे मला आठवड्याच्या आत कळलं होतं आणि तरीही कागदावर मी दुसऱ्याच माणसाला आरोपी ठेवलं. त्या कागदांत एक जबाब होता. तो खोटा होता. तो मी लिहिला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धुळे-जळगाव रस्त्यावरच्या एका मोठ्या गावच्या ठाण्याचा मी प्रभारी फौजदार होतो. एका सकाळी स्टेशन डायरी बघत असताना वरून फोन आला. "एक सभ्य गृहस्थ येतील. त्यांचं ऐका आणि आजच्या आज निकाल लावा." फोन ठेवतो न ठेवतो तोच ते गृहस्थ आलेही. बियाणं आणि फवारणीच्या औषधांचे मोठे व्यापारी. त्यांचा माल दोन्ही जिल्ह्यांतल्या लहान दुकानांत जात असे. त्यांना आपण शेठ म्हणू.

शेठनी टेबलावर एक कागद ठेवला. दोन्ही कडांना भोकांची पट्टी असलेला, ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत छापलेला. गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावरून त्यांच्या माणसाने तो फाडून आणला होता. मजकूर थोडक्यात असा होता: लाल झाकणाच्या डब्यातलं औषध फवारल्यावर चार गावांतल्या मजुरांना दोन-तीन तासांत डोळ्यांपुढे अंधारी येते, लाळ सुटते, उलट्या होतात. ह्या औषधाचा वास नेहमीपेक्षा वेगळा आहे. खात्री होईपर्यंत ते फवारू नये. खाली एकच नाव होतं, नानांचं.

"साहेब, हा म्हातारा कोण, मला माहीत नाही," शेठ शांतपणे म्हणाले. "पण त्याने लोकांत घबराट पसरवलीय. ऐन हंगामात. उद्या दंगल झाली तर तुमच्याच डोक्याला ताप."

"ह्यात तुमचं नाव कुठे आहे?" मी विचारलं.

"लाल झाकण माझ्याकडेच मिळतं," शेठ म्हणाले आणि हसले.

कागदात त्यांचं नाव नव्हतं ही गोष्ट मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवी होती. मी चहा मागवला.

दोन पंच आणि हवालदार घेऊन वाचनालयात गेलो. तिथे वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी एक जुना संगणक होता. त्यावर विणलेला रुमाल, पडद्याला कुंकवाचं बोट. निवृत्त शाळामास्तर वाचनालय सांभाळत. त्यांनी काहीही न लपवता सगळं दाखवलं.

जळगावजवळच्या पिंप्राळ्यात संगणकाचा वर्ग चालवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आपल्या घरच्या संगणकावर एक सोय केली होती आणि तिला नाव दिलं होतं 'पार'. धुळे, यावल आणि आमचं गाव अशा तीन ठिकाणचे संगणक दररोज सकाळी सातला, दूरच्या फोनचे दर कमी असताना, बाईंच्या संगणकाला फोन लावत. इथली पत्रं तिकडे जात, तिकडची इथे येत. एकाने लिहिलेलं पिंप्राळा धरून चारही गावांना वाचायला मिळे आणि त्याखाली प्रत्येकाला उत्तर लिहिता येई. देवनागरी उमटण्याचीही सोय होती. आता असल्या गोष्टी शाळकरी पोरांच्या खिशात असतात. तेव्हा मला वाटलं, मास्तर मला गंडवतायत.

"लोकांना टंकता येतं?" मी विचारलं.

"नाही हो. संध्याकाळी कामावरून येतात, इथे खाली बसतात आणि बोलतात. मी लिहून घेतो. वाचून दाखवतो. एखादा म्हणतो, असं नाही म्हटलं मी, खोडा. मग खोडतो."

"आणि नाव नानांचं का?"

मास्तरांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "खातं गावाच्या नावावर काढता येईना, माणसाचंच नाव लागत होतं. मग वडीलधाऱ्याचं दिलं. यावलला त्यांच्या आबांचं आहे. तुम्ही इकडचेच ना, साहेब?"

मी इकडचाच. माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेवर निमंत्रक म्हणून आजोबांचं नाव होतं आणि आजोबा तेव्हा तीन वर्षं अर्धांगवायूने खाटेवर होते. खानदेशात ह्याचं कुणाला नवल वाटत नाही. नाव मोठ्यांचं, काम सगळ्यांचं. वाचनालयाच्या दारात उभा असतानाच मला समजलं होतं की नानांचं नाव म्हणजे लेखकाचं नाव नव्हे. तरी मी हवालदाराला म्हटलं, "नानांना आणा."

जप्तीचा पंचनामा करताना हवालदाराचा घोटाळा झाला. वस्तूंची नावंच कुणाला येईनात. त्याने लिहिलं: टीव्हीसारखी दिसणारी पेटी एक, टंकलेखन यंत्रासारखी पाटी एक, शेपटीवाली डबी एक. त्या डबीकडे तो बराच वेळ पाहत राहिला. "साहेब, ही चावते-बिवते का?" पंच हसले. मीही हसलो. त्या दिवसातलं माझं ते शेवटचं हसू.

पिंप्राळ्याचा संगणकही जप्त करण्यासाठी मी बिनतारी संदेश पाठवला, कारण पाराची सगळी पत्रं त्यात साठत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला बाईंच्या घरी पोलीस गेले. मी बाईंना एक नोटीसही बजावली: तपास चालू असेतो कोणत्याही केंद्राशी संपर्क करू नये. केल्यास सहआरोपी करण्यात येईल. ही ओळ कुणी सांगितलेली नव्हती. माझ्या डोक्यातून आलेली होती.

नाना सत्तरी ओलांडलेले, धोतर-टोपीतले, ताठ. ठाण्यात आले तेव्हा हातात स्वतःच्या औषधांची पुडी होती, म्हणजे मुक्कामाच्या तयारीनेच आले होते.

"हा कागद तुम्ही लिहिला?" मी विचारलं.

"भाऊ, लगननी पत्रिकावर मनं नाव ऱ्हास. म्हनीसन मी पत्रिका छापाले जास का?"

"मशीनला हात लावला होता की नाही?"

"नही रे भाऊ. हात लावा तर ते मरी जाई का मी, त्याना भरोसा नही."

हवालदार खुदकन हसला. मी टेबलावर काठी आपटली. "मग लिहिलं कोणी?"

"बठ्ठासनी सांगं, मास्तरनी लिखं, मनं नाव लागनं."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांगा."

मी विचारत राहिलो. दुपार झाली, ऊन कौलांवरून खाली उतरलं. ते उभेच होते. कागदाच्या मागच्या बाजूला मास्तरांनी आकडा टाकलेला होता, बोलणारे एकोणीस. मला ती एकोणीस नावं हवी होती. एवढ्या नावांतून एखादा दारुडा, एखादा शेठशी भांडण असलेला हमखास सापडला असता आणि मग सगळं प्रकरण द्वेषाचं ठरवता आलं असतं. तपास कसा 'बसवायचा' हे वीस वर्षांच्या नोकरीत मला चांगलं ठाऊक झालं होतं.

शेवटी मी म्हटलं, "नाना, नावं दिली नाहीत तर उद्या गाडी घेऊन वस्तीवर जातो. फवारणीला जाणाऱ्या सगळ्यांना इथे आणतो. बायांनासुद्धा."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्या रोजंदारीवर जातस. तुम्ही त्यासले आठे आनशात, मंग त्यासले कामवर कोन लेई?"

"म्हणून तर म्हणतो, नावं द्या."

"नाव सांगाव नही." मग कागदाकडे बोट करून म्हणाले, "मनंच लिखा ना भाऊ. मनं नाव शेच ना तठे."

संध्याकाळी मास्तर आले. म्हणाले, "टंकलं मी. मला धरा." मी त्यांना घरी पाठवलं. का, तेही लिहून टाकतो. मास्तर शिकलेले होते, पेन्शनर होते, दोन तासांत वकील उभा केला असता. नाना सोपे होते.

मग मी रायटरला बाजूला बसवून स्वतःच जबाब लिहिला. 'सदरचा मजकूर मी एकट्याने, शेजारच्या दुकानदारावरच्या रागातून, कोणतीही खातरजमा न करता लिहिला. त्यात तथ्य नाही.' नानांना वाचून दाखवला.

"हाई खोटं शे," नाना म्हणाले. "तुमले बी माहीत शे, माले बी माहीत शे. पन वस्तीवर गाडी जावाव नही ना?"

"नाही जाणार."

त्यांनी सही केली. मोडीच्या वळणाची, सावकाश, एकेक अक्षर उमटवत.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही हे नव्या शिपायालाही माहीत असतं. मलाही होतं. तो जबाब कोर्टासाठी नव्हताच. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक दैनिकाचा वार्ताहर आला आणि मी त्याला त्याची प्रत दिली. तशी द्या म्हणून वरून निरोप होता. बातमी धुळ्यात आली, जळगावातही आली: वृद्धाने अफवा पसरवल्याची कबुली दिली, फवारणीच्या औषधात दोष नाही. 'औषधात दोष नाही' हे कुणी तपासलं होतं? कुणीच नाही. एक डबा, एक थेंबदेखील नाही. मी सही घेतली आणि सहीला तपास म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पिंप्राळ्याच्या बाई ठाण्यात आल्या. पस्तिशीच्या, सुती साडी, हातात कागदांची जाड चळत. बसा म्हणायची वाट न बघता बसल्या.

"साहेब, जप्तीआधी मी हे छापून ठेवलं होतं. सहा आठवड्यांची चर्चा आहे. वाचा."

"मला सवड नाही."

"तुम्हाला एका माणसाला कोठडीत ठेवायला सवड आहे. हे वाचायला अर्धा तास लागेल."

मी वाचायला घेतलं ते रागानेच. वाचता वाचता राग कुणावर आहे तेच कळेना. पहिलं पत्र धुळ्याच्या केंद्राचं होतं: आमच्याकडे दोघांना फवारताना चक्कर आली, तुमच्याकडे असं झालंय का? यावलने लिहिलं होतं, एकाला झालं, पण तो उपाशी होता, म्हणून धरू नका. आमच्या गावाने विचारलं होतं, झाकण कोणत्या रंगाचं? पिंप्राळ्याच्या एका कंपाउंडरने कळवलं होतं, किती तासांनी त्रास होतो ते प्रत्येकाने लिहा. मग प्रत्येकाने तास लिहिले होते. कुणीतरी सुचवलं होतं की तोंडाला फडकं बांधलेले आणि न बांधलेले वेगळे मोजा. दोन गावांतून सारखं उत्तर आल्याशिवाय कोणतीच गोष्ट खरी धरायची नाही, असा त्यांनी आपसांत नियमच केला होता.

आणि शेवटी ती सूचना. एकेक वाक्य एकेकाने सांगितलेलं. एकाने म्हटलं होतं, 'शेठ गोदामात भेसळ करतो असं लिहा.' त्याखाली उत्तर होतं: 'कोणी डोळ्यांनी पाहिलंय का? नसेल तर लिहू नका.' ते वाक्य गाळलं होतं. म्हणून शेठचं नाव कागदात नव्हतं.

ही माणसं दिवसभर पाठीवर पंप घेऊन शेतात राबणारी. त्यांनी सहा आठवडे चार गावांत मिळून तपास केला होता, आणि तो माझ्या कोणत्याही तपासापेक्षा सावध होता. मी अर्ध्या दिवसात एक म्हातारा उभा करून तो मोडून टाकला होता.

"शेठचं गोदाम तपासा," बाई म्हणाल्या. "आणि माझं एक काम करा. काल सकाळी सातला पत्रं आली आणि मी ती उघडायच्या आत तुमची माणसं आली. न वाचलेली आहेत ती. मशीन देऊ नका, तुमच्यासमोर दहा मिनिटं फक्त उघडू द्या."

"सील लागलंय. मुद्देमाल आहे."

"मग मला केंद्रांना फोन करू द्या. काय लिहिलं होतं एवढंच विचारते."

"नोटीस वाचली ना तुम्ही?"

त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "साहेब, कोणीतरी काहीतरी विचारलं असेल हो." आणि गेल्या.

सील फोडायला दोन पंच आणि एक अर्ज लागला असता. मी तो अर्ज केला नाही. चळत कपाटात ठेवली, कुलूप लावलं. शेठच्या गोदामात मी आठ दिवसांनी गेलो, तेही वरून परवानगी आल्यावर. फरशी धुतलेली होती. ओली होती अजून. कोपऱ्यात लाल झाकणांचं एक पोतं तेवढं राहिलं होतं, नुसती झाकणं, डबे नाहीत. इतकी सुटी झाकणं व्यापाऱ्याला कशाला लागतात, हे विचारायची हिंमत मी केली नाही. पंचनाम्यात 'आक्षेपार्ह काही मिळून आले नाही' असं लिहिलं. हे माझं दुसरं खोटं.

नाना अकरा दिवसांनी जामिनावर सुटले. मुद्देमाल कोर्टासमोर उघडला तो त्याहूनही उशिरा. बाईंनी मशीन सुरू केलं. न वाचलेली तीन पत्रं होती. दोन धुळ्याची, साधी. तिसरं यावलच्या केंद्रावरून, आबांच्या नावाने आलेलं:

'आमच्याकडे झाकण पांढरं आहे, पण वास तोच आहे. सोमवारपर्यंत फवारायचं थांबवलं आहे. फवारू का?'

मी तारीख पाहिली. जप्तीची सकाळ. बाईंनी पडद्याकडेच पाहत विचारलं, "सोमवारी काय झालं, तपास केलात का?"

तो तपास मी केला. एकटाच, साध्या कपड्यांत, यावलच्या बसने गेलो. गावाबाहेर, केळीच्या बागांपलीकडे कापसाची शेतं होती. आबांनी मला ओळखलं नाही. पोलीस आहे हेही मी सांगितलं नाही. ते म्हणाले, सोमवारपर्यंत थांबलो. पाराचं उत्तर नाही आलं. मग पेपरात आलं की त्या म्हाताऱ्याने खोटं लिहिल्याचं कबूल केलंय, औषध चांगलं आहे. मंगळवारी फवारलं.

त्यांचा पुतण्या जळगावच्या सरकारी दवाखान्यात बुधवारी वारला. त्याची बायको अंगणात भांडी घासत होती. तिने मला पाणी आणून दिलं. मी ते प्यालो.

त्या प्रश्नाला उत्तर द्यायला एक ओळ पुरली असती. ती ओळ द्यायला चार गावांची माणसं तयार होती. मी त्यांची तोंडं बंद केली आणि वर खोटं उत्तर छापून आणलं. मला वरून फोन आला होता हे खरं आहे. पण नोटिशीतली ती ओळ, उभं ठेवणं, 'शेजारच्या दुकानदारावरच्या रागातून' हे शब्द, ह्यातलं काहीही फोनवर कुणी सांगितलेलं नव्हतं. आज्ञेचं पालन केलं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांचा मला आता संताप येतो, कारण आज्ञा दोन वाक्यांची असते आणि बाकीचं सगळं आपण हौसेने भरतो.

शेठचं काहीही झालं नाही. नमुने उशिरा गेले, अहवाल त्याहून उशिरा आला आणि 'नमुना तपासणीयोग्य नाही' असा आला. मला चांगल्या कामगिरीचा शेरा मिळाला. खटला उभा राहण्याआधीच नाना वारले, म्हणून खटला निकाली निघाला. ते निर्दोष सुटले नाहीत. आरोपी म्हणूनच वारले. अंत्ययात्रेला मी गेलो नाही. हवालदार गेला होता. म्हणाला, "साहेब, वस्ती मोकळी झाली होती. सगळे आले होते." मी विचारलं, किती? तो म्हणाला, "मोजले नाहीत." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकोणिसांपेक्षा पुष्कळ."

नोकरीने मला शिकवलं होतं की गर्दीत दोषी नेहमी एक असतो, तो शोधावा. ह्या गुन्ह्याने मला कळलं की पुष्कळ माणसं मिळून खरं बोलतात तेव्हा आम्हाला त्याची भीती वाटते. कारण त्यातल्या एकालाही वेगळं काढून दमदाटी करता येत नाही. मग आम्ही एक नाव शोधतो. नाव मिळालं की बाकीच्यांनी जे सांगितलं ते ऐकावं लागत नाही.

गेल्या वर्षी मी जुना जबाब दुरुस्त व्हावा म्हणून रीतसर अर्ज घेऊन गेलो. अभिलेख कक्षातला कारकून सौजन्याने म्हणाला, "बाबा, मुदत संपलेले कागद नष्ट केलेत." म्हणजे खोटा जबाब गेला आणि तो खोटा होता हे लिहायची जागाही गेली. म्हणून हे इथे लिहिलं. कुणाचं नाव लिहिलं नाही. नानांनी एकोणिसांतलं एकही नाव सांगितलं नव्हतं. मीही त्यांचं सांगत नाही.

बाईंनी दिलेली चळत मात्र माझ्याकडे आहे. मशीन उघडलं त्या दिवशी छापलेलं यावलचं ते पान तिच्या सर्वांत वर असतं. पाराची रीत अशी होती की प्रत्येक प्रश्नाखाली यंत्र आपोआप 'उत्तर' हा शब्द छापत असे आणि पुढे जागा सोडत असे. 'फवारू का?' आणि त्याखाली 'उत्तर'. पुढची जागा कोरी आहे. किती वेळा मी पेन उघडून तिच्यासमोर बसलो आहे. दोनच शब्द लिहायचे आहेत आणि ते वाचायला आता कुणी नाही.